चाकांच्या धनुष्याला पाय

लेकाला चाळिशीत शिकारीचं वेड लागलं. इकडं परदेशात, पेनरोजच्या कारखान्यात तो इंजिनियर. तिथल्या साहेबानं एकदा जंगलात हरणामागं नेलं, झालं, यानं धनुष्य आणलं. धनुष्य कसलं, वर चाक, खाली चाक, मधी दोऱ्यांचा गुंता. पहिल्याच खेपेला झाडाला टेकवलं, ते घसरलं चिखलात. चाकात माती गेली आन् सगळे हात हलवत माघारी. साहेब हसला म्हणे. अजून एकदा ये म्हणला, पण परत पाडलंस तर गाडीत बसवून ठेवीन.

म्हणून धनुष्याला स्टँड. दिवसभर हातात धरवत नाही ना!

हेन्डरसन भागातल्या शिकारीच्या दुकानात मलाही नेलं, घरी एकटी नको म्हणून. एक स्टँड दोन पायांचा, धनुष्याच्या खालच्या टोकाला चिमट्यागत बसणारा. दुसरा नुसता लोखंडी गज, वर बेचकं, जमिनीत रोवायचा. लेक मोबाइलात लोकांची मतं वाचत उभा. उभं राहून माझी कंबर आखडली.

"आई, हा लाइट आहे बघ. हीप्स, ढिगानं लोकांनी हाच घेतलाय."

"इथं कार्पेटवर उभा राहतोय. तिथं हरीण कार्पेट अंथरणारे का?"

"तुला नाही कळणार गं."

"नाही बाबा. आम्ही खडी फोडली, तवा हातोड्याला कुणी स्टँड दिला नव्हता."

दोन पायांचाच घेतला.

मग आली खंडेनवमी. सुनेनं पूजेला लॅपटॉप, गाडीची चावी, विळी मांडली, आन् मागं लॉनवर धनुष्य, नव्या स्टँडवर. वरच्या चाकाला फुलांची जाडजूड माळ. लेकानं हात जोडले. जरा वारा सुटला, आन् धनुष्य तोंडावर पडलं ते हळदीकुंकवाच्या ताटात.

सून म्हणली, "स्वीट अ‍ॅज!" इकडं झकासला असं म्हणतात.

मी म्हणलं, "फुलांच्या माळेनं पडतंय. हरीण शिंकलं तर काय करायचं रे?"

लेक हसला नाही. जुन्या टूथब्रशनं चाकातलं कुंकू काढत बसला. खाली बघूनच म्हणला, "परत हसतील गं, आई."

"मग जा, बदलून आण."

गज आणला. पायानं दाबून लॉनमधी रोवला, धनुष्य वर ठेवलं. मी त्यावर ओलं लुगडं टाकून बघितलं. हललं नाही.

शनिवारी गेला. संध्याकाळी आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, ओलाचिंब.

"हरीण?"

"दिसलंच नाही. पण आई, एकदाही पडलं नाही! साहेब म्हणाला, पुढच्या वेळी पण ये."

एवढी शिकलेली माणसं दिवसभर पावसात बसली, आन् एक गज उभा राहिला म्हणून खूश. तोंड तर असं, जसा वाघच मारून आणला.

रस्त्याच्या कामावर हाच माझ्या पाठीला बांधलेला असायचा, डोक्यावर खडीचं घमेलं, वर ऊन. तोही एकदाही पडला नाही. मी काय गावभर सांगत सुटले नाही.

"बूट बाहेर काढ," म्हणलं, आन् ताट वाढलं.