सेन्चो-सानांच्या चुकीच्या नोंदी

होडी सुरू करण्याआधी ते बाही कोपरापर्यंत सरसावून हात समुद्रात बुडवायचे, मनाशी दहा मोजायचे आणि निकाल द्यायचे, "आज घरचं पाणी." किंवा मग भुवया आक्रसून, "पाहुणं आलंय." नंतर हात पँटला पुसून इंजिन सुरू.

आमच्या सागर संशोधन केंद्राच्या होडीचे ते कप्तान. जपानीत कप्तानाला सेन्चो म्हणतात, म्हणून सगळ्यांचे ते सेन्चो-सान. वय सत्तरीपुढचं, आयुष्य त्याच किनाऱ्यावर मासेमारीत गेलेलं. मी पुण्याची. माझा समुद्राशी संबंध अलिबागला जाऊन भेळ खाण्यापुरता. पीएचडी मात्र सागरी प्रवाहांवर, तीही अख्खी कॉम्प्युटरसमोर बसून! योकोहामाहून मी दोन गाड्या बदलून आठवड्यातून दोनदा केंद्रावर जायचे आणि दर वेळी होडीच्या काठावरून ओकायचे. ते पाण्याची बाटली पुढे करत म्हणायचे, "सेन्सेई, आज मासे तुमच्यावर खूश आहेत." मी त्यांच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान, पण डॉक्टरेट होती ना, म्हणून सेन्सेई, म्हणजे गुरुजी.

पाहुणं पाणी म्हणजे काय, ते मला पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडून नीट कळलं. आमच्या किनाऱ्यापासून दूर एक मोठा उबदार प्रवाह वाहतो. त्याने वळण बदललं की ऊन, निळंशार पाणी किनाऱ्याशी येतं. "दिसायला देखणं, पण रिकाम्या हातांनी येतं," ते म्हणायचे. याउलट जमिनीकडून वारा सुटला, की वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी वर येतं. ते शेवाळाला खाणं आणतं. त्या खाण्यावर बाहेरच्या खडकावर तपकिरी शेवाळाचं पुरुषभर उंच रान वाढलं होतं, आणि त्या रानावर आवाबी जगत होती. आवाबी म्हणजे खडकाला चिकटून राहणारा मोठा शिंपला. गावाचं पोट त्याच्यावर.

सेन्चो-सान रोज सकाळी त्या खडकाशी जात, वजन बांधलेली बाटली सोडून तळाचं पाणी वर काढत, थर्मामीटर बुडवत आणि आकडा वहीत लिहीत. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तीसेक वर्षं चाललं होतं.

एका हिवाळ्यात त्यांच्या वहीत पाणी दोन अंशांनी जास्त ऊन दिसायला लागलं. आमच्या धक्क्यावरचं यंत्र म्हणत होतं, सगळं नेहमीसारखं.

"पाहुणं मुक्कामाला राहिलंय," सेन्चो-सान मला म्हणाले. "थंडीत निघून जाणारे मासे गेलेच नाहीत. शेवाळ कुरतडतायत. यंदा आवाबीची पिल्लं या खडकावर सोडू नका म्हणावं. उत्तरेच्या खाडीत सोडा."

दर वसंतात गावची मच्छीमार सोसायटी ही पिल्लं विकत आणून समुद्रात सोडते. सोसायटीने म्हटलं, आधी सेन्सेईंचा आलेख बघू.

आणि मी काय दिवे लावले? हाताने घेतलेल्या नोंदी, यंत्राशी जुळत नाहीत, म्हणजे चुकीच्या. बाटली वर येईपर्यंत उन्हाने तापली असेल! सगळ्यांवर लाल खुणा केल्या आणि गाळून टाकल्या. आडोशाच्या धक्क्यावरचं यंत्र बाहेरच्या खडकाच्या तळाचं पाणी कसं सांगणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. तुम्हीही पाहिली असतील अशी शिकलेली माणसं.

सभेत आलेख पडद्यावर आला तेव्हा ते हळूच म्हणाले, "माझे ठिपके दिसत नाहीत."

"ते चुकीचे होते, सेन्चो-सान."

त्यांनी मान झुकवली. "सेन्सेई म्हणतात तर तसंच असेल."

भांडायला हवं होतं हो त्यांनी! दोन शब्द सुनवायला हवे होते. पण ते खाली बसले, आणि पिल्लं त्याच खडकावर सोडली गेली.

पुढच्या शरदात पाणबुडे तळाशी जाऊन फोटो घेऊन आले. रानाच्या जागी नुसती खुंटं, उघडा खडक आणि रिकामी कवचं. मग आम्ही शहाण्यासारखं खडकाच्या तळाशी नवं यंत्र लावलं. थंडीभर ते धक्क्यापेक्षा दोन अंश जास्तच दाखवत राहिलं.

तोवर सेन्चो-सानांनी काम सोडलं होतं. मी माफी मागायला जाणारच होते. या रविवारी, नाहीतर पुढच्या. लेख लिहून होऊ दे, मग जाते आणि त्या वह्याही मागते, असं चाललं होतं. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. एप्रिलमध्ये केंद्रातून फोन आला की ते गेले.

महिन्याभराने मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. बायकोने चहा दिला. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर मी वह्यांचं विचारलं.

"त्या ना?" त्या म्हणाल्या. "सोसायटीची सभा झाली, त्याच आठवड्यात कागदाचा कचरा उचलतात त्या दिवशी नीट दोरीने बांधून ठेवून आले. चुकीचं लिहिलेलं कुणाच्या हाती पडून नुकसान नको म्हणाले."

तीस वर्षांचं पाणी होतं त्यात, आणि ते पुन्हा कुणालाच मोजता येणार नव्हतं. मग मी जमेल तशा जपानीत सगळं सांगितलं. नोंदी बरोबर होत्या, चूक माझी होती.

त्यांनी कप खाली ठेवला. मग उठून कोपऱ्यातल्या पितरांच्या देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि त्यांच्या फोटोला म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? तुमचं बरोबर होतं."

मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. माझ्यावर कुठे विश्वास बसायचा त्यांचा."

मी फोटोपुढे गुडघे टेकून बसले. "चूक माझी होती, सेन्चो-सान," असं कसंबसं म्हणाले.

"मोठ्याने," त्या म्हणाल्या. "इंजिनापायी त्यांचे कान गेले होते."