आमच्या अंगणातला अटलांटिक

गेल्या जानेवारीत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, हिवरखेडला आमच्या अंगणात अटलांटिक महासागर आटला. जीवितहानी नाही. जबाबदार व्यक्ती: मी.

माझी पुतणी गौरी नववीत. तिला अटलांटिक समुद्राच्या तळाचं मॉडेल करायचं होतं. पृथ्वीच्या कवचाच्या प्लेटा एकमेकींपासून दूर सरकतात तिथं तळाशी डोंगररांग उठते. एक दुसरीखाली घुसते तिथं खोल गर्ता पडते. निवड झाली, तर पुढं अकोल्याचं जिल्हा प्रदर्शन. तिनं फक्त प्लास्टर मागितलं होतं. मी अमरावतीच्या पेपरातून सुटी काढून सल्ला घेऊन आलो.

"प्लास्टर कायले? वावरातली काळी माती घे!"

दादा, माझा मोठा भाऊ, कापूस पिकवतो. तो खूश. "बराबर! आपल्यासारखी चिकट माती साऱ्या तालुक्यात नाही."

लग्नातल्या मोठ्या परातीत तळ लिंपला. मधोमध डोंगररांग, कडेला गर्ता. लवकर वाळावा म्हणून मी परात गच्चीवर उन्हात ठेवली. (दर उन्हाळ्यात 'जमीन भेगाळली' ही बातमी पानावर मीच लावतो. तरीही!)

प्रदर्शनाच्या सकाळी परात खाली आणली, तर तळाला बोट जाईल एवढ्या भेगा. सगळ्यांत मोठी थेट डोंगररांगेतून!

"पाण्यानं बुजतीन," म्हणत मी निळं पाणी ओतलं. भेगांनी समुद्र पिऊन टाकला. आणखी ओतलं. तोही गेला!

"काका, बास करा ना! चिखल होऊन राहिला!" गौरीचे डोळे भरले.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमी आता पेपर वाचत बसा."

गौरी मात्र परातीकडे बघत राहिली. "थांब आई. मोठी भेग बराबर जागेवर आहे."

तिनं मैदा कुंकवाच्या पाण्यात कालवला, मेंदीच्या कोनात भरला आणि त्या भेगेत सोडला. लाल कड वर फुगून आली.

शाळेत परीक्षकांनी विचारलं, "हे लाल काय?"

"सर, प्लेटा सरकल्या का भेग पडते. खालून वितळलेला खडक वर येते, थंड होते, अन् नवीन तळ तयार होते. मंग पुन्हा भेग."

"भेग अगदी खरी वाटते. कशी केली?"

"ते काकानं केली."

"आणि समुद्राचं पाणी?"

"सर, तळ पाहाचा तर पाणी काढाच लागते."

गौरीची निवड झाली. अकोल्याला जाताना दादाच्या गाडीत मागच्या सीटवर मॉडेल बसलं. मी एसटीनं गेलो.