शेवटी बोलायचा मान

बिअरच्या त्या छोट्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे नाकवाली. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पोतं उघडायच्या आधीच ती सांगायची, याला ओल लागली आहे, परत पाठवा. परत पाठवावंच लागायचं.

कारखाना दोन घरांचा. विक्री आणि गाड्या धाकट्या दिराकडे, बिअर शिजवणं हिच्याकडे. नवरा होता तोवर बॉयलर त्याच्याकडे होता. तो गेल्यावर हिने बॉयलरही शिकून घेतला. "रडायला सवड कुणाला होती?" असं ती आजही म्हणते. साफ खोटं. बॉयलरच्या खोलीत इतका आवाज असतो की तिथे रडलेलं कुणाला ऐकू जात नाही, एवढंच.

बिअर चाखायच्या टेबलाचा एक नियम होता. वयाने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं आणि मुख्य माणसाने सगळ्यात शेवटी. मोठ्या माणसाने आधीच 'चॉकलेट' म्हटलं की बाकीच्यांना चॉकलेटच लागतं, ही माणसाची जातच. पसंत पडली तर पेला संपवून उपडा ठेवायचा. शेवटी बोलणाऱ्याचा पेला उपडा पडला की विषय संपला, मग कुणी तोंड उघडायचं नाही. नवरा गेल्यापासून शेवटी बोलायचा मान हिचा होता.

मागच्या वर्षी तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला तर नुसतं गोड गरम पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. तिने घरात चकार शब्द काढला नाही. जिच्या नाकावर दोन घरं चालतात, तिने हे सांगावं तरी कुणाला?

त्याच सुमारास पाच लाकडी पिंपं आली. बर्बन व्हिस्की मुरवून नुकतीच रिकामी केलेली, आतून अजून ओली. ती धुवायची नसतात, कारण आत मुरवायच्या काळ्या, जड इम्पीरियल स्टाउट बिअरला तीच ओल हवी असते. फक्त भरण्याआधी बूच काढून हुंगायचं. आंबूस वास आला तर पिंप बाद. बाई प्रत्येक पिंपावर वाकली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि ऐटीत मान हलवली. पाचही वेळा. पिंपं चांगल्या घरची आहेत, काय होणार आहे, असं तिने स्वतःला समजावलं.

बरेच महिने बिअर मुरली. मग प्रत्येक पिंपातून थोडी थोडी काढून टेबलावर आली. चार पिंपं ठीक गेली. इतरांचं ऐकून तिने वेळ मारून नेली. पाचव्याचा पेला उचलला आणि सगळ्यांनी तो ओठांना न लावताच खाली ठेवला. तोंडं वाकडी झाली होती. बाईने मात्र घोट घेतला. जिभेला आंबट झोंबलं तेव्हा तिने वर पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

पाचवं पिंप मोरीत गेलं. दिराने तिला ऑफिसात बोलावलं.

"वहिनी, खूप केलंत. आता आराम करा. बाहेरून एक माणूस बघितलाय मी."

"भाऊजी, तुम्हाला चष्मा लागला तेव्हा मी तुमच्या हातातून गाडी काढून घेतली होती का?"

"चष्मा दुकानात मिळतो, वहिनी. नाक मिळतं का?"

"घरात आहे," ती म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली.

घरातलं नाक म्हणजे तिची सून. लेबलं चिकटवायच्या मशीनवर काम करणारी, मोजकं बोलणारी मुलगी. वरच्या मजल्यावर कुणी दूध उतू घालवलं तर हिला खाली कळायचं. त्या आठवड्यात सासू-सुनेने घरातलं कपाट न् कपाट उघडून हुंगलं. सून हुंगायची, सासू विचारायची, "म्हणजे कसा? कशासारखा? 'छान' काय म्हणतेस, छान हा काय वास आहे?" सुनेच्या डोळ्यांत एकदा पाणी आलं. बाईने दुर्लक्ष केलं.

उरलेल्या चार पिंपांची बिअर एकत्र करून चाखायची, तो दिवस आला. टेबलाशी दीर, सून आणि तळघरात पिंपं सांभाळणारे काका. पेले भरले. काळी कुळकुळीत बिअर, वर तपकिरी फेस, तळघरातून आणल्यामुळे चांगली गार.

"आज वहिनी आधी बोलतील," दीर म्हणाला.

सगळ्यांना कळलं याचा अर्थ काय. आज जी आधी बोलेल, ती उद्यापासून मुख्य नसणार.

बाईने पेल्याला हात लावला नाही. "पाचवं पिंप माझ्यामुळे गेलं. मला वास येत नाही, वर्ष होत आलं. लपवलं, ती चूक माझी. जीभ शाबूत आहे आणि डोकंही. आणि मी शेवटीच बोलणार."

काका छताकडे बघू लागले. तेवढ्यात सुनेने पेला नाकाशी नेला. सगळ्यात लहान तीच.

"जळकी साखर," ती म्हणाली. "सुताराकडचा ताजा भुसा. थोडी व्हॅनिला. आणि आई, ते कातडी पाकीट होतं ना कपाटात, मनुका ठेवलेल्या डब्याशेजारी, ते दोन्ही मिळून."

काकांनी घोट घेतला. "व्हिस्की आहे, पण शहाण्यासारखी बसली आहे," ते म्हणाले. उरले दोघे.

दीर हाताची घडी घालून बसला. बाईही. हट्टाला हट्ट भिडला होता. मध्ये दोन पेले आणि त्यांतली बिअर हळूहळू कोमट होत चाललेली. असल्या बिअरचा गार असताना निम्मा वास झाकलेला असतो, हे कारखान्यात जन्म काढूनही दिराच्या कधी लक्षात राहिलं नाही. बाईच्या होतं. तिला घाई नव्हती.

दिराचा धीर हा मुळातच आखूड. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्याने पेला गोल फिरवला, हुंगला, घोट घेतला. पुन्हा हुंगला.

"अरेच्चा! आता नारळ येतोय की! मघाशी नव्हता..." आणि तो थांबला.

काकांना हसू दाबता आलं नाही. सुनेने मान खाली घातली.

मग बाईने पेला उचलला. "आधी गोड. जड, जिभेवर ठाण मांडून बसते. मागून कडू. शेवटी हिरड्या तुरट होतात, ते लाकूड. गिळल्यावर छातीत ऊब उतरते. आंबट कुठेही नाही. बाटल्या भरायला घ्या." तिने सावकाश पेला संपवला. "पुढची पिंपं येतील तेव्हा हुंगायला ही वाकेल. मी शेजारी उभी राहीन, सगळ्यांसमोर. भरायची की नाही, ते मी सांगेन."

दिराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

बाईने पेला उपडा ठेवला. त्यानंतर कुणी बोललं नाही. नियमच होता तसा.