प्रश्नचिन्हांमागचे शब्द आणि नलिनीताई

नलिनी नाखवा यांच्याशी माझा परिचय झाला तो एका बिघडलेल्या यादीमुळे. कल्याणच्या आमच्या महाविद्यालयात, संगणक विभागात, मी नव्यानेच रुजू झाले होते. प्रवेशाच्या यादीत विद्यार्थ्यांच्या मराठी नावांच्या जागी भलत्याच लिपीतली विचित्र अक्षरे छापून आली. डेटाबेसच खराब झाला, असे मी सांगून मोकळी झाले. विभागप्रमुख असलेल्या ताईंनी माझा प्रोग्रॅम सावकाश वाचला.

"नावं आत शाबूत आहेत गं. तू ती चुकीच्या एन्कोडिंगने, भलत्याच लिपीतली समजून वाचतेयस. डेटाबेसच्या जोडणीत लिपी कोणती ते सांगणारी एक ओळ घालायची राहिलीय."

ओळ घातली आणि नावे आली. मग त्या म्हणाल्या, "वाचताना काहीही दिसलं तरी घाबरायचं नाही. पण तसं दिसत असताना परत आत लिहायचं मात्र नाही." मी ते वहीत उतरवून घेतले होते.

नावांच्या बाबतीत ताई फार हट्टी. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवर आडनावातल्या 'ळ'च्या जागी नुसता चौकोन उमटला. कार्यालयाने पेनाने दुरुस्त करून दिले. ताईंनी गुणपत्रिका नव्याने छापून घेतली आणि मुलगी आजारी होती म्हणून स्वतः तिच्या घरी नेऊन दिली. "एवढ्याशा अक्षरासाठी कशाला आलात बाई?" असे तिच्या आईने विचारले, तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, "तिचं नाव आहे ते."

ताईंचा जन्म ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. निवृत्तीनंतर त्यांनी खाडीकाठच्या म्हाताऱ्या बायांकडून बोलीतले शब्द गोळा करायला घेतले. चिखलाचे प्रकार, पाण्याच्या वेळा, जाळ्याचे भाग, चिखलातले निवट्या मासे पकडायच्या तऱ्हा. मांडीवर लॅपटॉप घेऊन त्या समोर बसत आणि ऐकता ऐकता टाइप करत: शब्द, अर्थ, सांगणारीचे नाव, वय. अकरा वर्षांत चार हजारांवर नोंदी झाल्या. कागदावर, वहीत काहीच नव्हते; सगळे लॅपटॉपमध्येच.

यापुढचे ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण हे वगळून ताईंविषयी लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे होईल.

या शब्दांचा कोश छापायचे ठरले; त्याआधी नोंदी साफ करायचे काम मी आपणहून मागून घेतले. प्रोग्रॅम साधा होता: नोंद वाचायची, शब्दाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा काढायची, नोंद परत लिहायची. जोडणीची ती एक ओळ मी विसरले. प्रत्येक मराठी अक्षर वाचताना प्रश्नचिन्ह झाले आणि मी ती प्रश्नचिन्हेच आत लिहिली. मूळ चार हजार नोंदींवर. आकडे तेवढे वाचले. कुणाचे नाव नाही, शब्द नाही, अर्थ नाही. फक्त वय: ८१, ७६, ८८.

मी तशीच चेंदणीला गेले. ताईंनी पडद्याकडे पाहिले.

"परत लिहिलंस?"

"हो, ताई."

त्यांनी दर आठवड्याला घेतलेले बॅकअप उघडले. ते घेणाऱ्या सेटिंगमध्येही तोच दोष होता. प्रत्येक फाइलीत प्रश्नचिन्हे. ताईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मग मला म्हणाल्या, "आत काहीच नाही का गं उरलं?" ज्यांनी मला हे शास्त्र शिकवले, त्या मला हे विचारत होत्या.

कोश छापणाऱ्या समितीच्या बैठकीत ताईंनी मला बोलूच दिले नाही. "बॅकअप उघडून बघितले नाहीत, चूक माझी," असे त्या म्हणाल्या. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

आम्ही पुन्हा घरोघर गेलो. सांगणाऱ्या बायांपैकी बहुतेक जणी गेल्या होत्या. हिराबाईंनी एकट्यांनी पूर्वी दोनशेवर शब्द दिले होते. त्यांनी ताईंचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, "आता नाय गो आठवत."

तेव्हापासून दर मंगळवारी मी त्यांच्याकडे जाते. अक्षर, काना, वेलांटी अशा एकेका खुणेमागे एक प्रश्नचिन्ह, म्हणून आम्ही चिन्हे मोजतो. "चार खुणा, वय ८८... म्हणजे माझी आत्या. काय बरं म्हणाली होती?" ताई डोळे मिटतात. कधी शब्द येतो. बहुतेकदा येत नाही. आजवर जेमतेम तीनशे परत मिळाले. बाकीचे मिळतील असे मला वाटत नाही, आणि ताईंनाही वाटत नसावे.

आज त्या पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. शतायुषी व्हा, असे सगळेच म्हणतील. मीही म्हणते, पण माझ्या मागणीत स्वार्थ आहे, धास्तीही आहे: ते शब्द आता असलेच तर फक्त त्यांच्यापाशी आहेत. गेल्या मंगळवारी एकही आठवला नाही. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी जरा लवकर ये." ताईंची प्रकृती उत्तम राहो, स्मरण लख्ख राहो. मी लवकर जाणार आहे.