मसाफीतली एकटी बंदूक आणि परबकाकांचा चाकू

"बंदुकीला चाकू दाखवायला न्यायचाय, शुक्रवारी गाडी काढशील का?" असं परबकाकांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी आधी उठून दार लावलं. अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती फार पातळ आहेत.

परबकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत परचेसला होते. सव्वीस वर्षं दुबईत काढून त्या महिन्याच्या शेवटी ते कायमचे कुडाळला चालले होते. सोफा विकला, गाडी विकली. चाकूंचा नाद होता त्यांना. घडीचे, खटक्याचे, दात कोरायच्या काडीएवढे, काय वाट्टेल ते. तेही सगळे मित्रांना वाटून टाकले. फक्त एक मागे ठेवला होता, आजोबांचा. शिंगाची मूठ, घडीचं पातं आणि पाठीला एक बारीक लोखंडी टोच्या.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, भातातून रानडुकरं हाकलायला. ते गेले, परवाना संपला, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली ती झालीच. चाकू मागे राहिला, एकटा. आणि इकडे डोंगरातल्या मसाफी गावात अबू हमद नावाच्या म्हाताऱ्या अरबाच्या फार्महाऊसवर काका खिडक्यांची मापं घ्यायला गेले, तर तिथे भिंतीवर तशीच ठासणीची बंदूक. कधीतरी गलबतातून आपल्याच किनाऱ्यावरून आलेली. तीही एकटीच.

"एकटी म्हणजे?"

"म्हातारा जोड्या लावतो. प्रत्येक बंदुकीशेजारी तिला शोभेल असा चाकू. हिच्या शेजारी नुसता खिळा. किती जणांनी चाकू आणून दाखवले, सगळे परत पाठवले त्याने. केतू, माझा त्या खिळ्यावर लागला ना, की मी सुखाने विमानात बसेन."

थोडक्यात, मुलगी बघायला निघालो होतो. मुलाकडचे म्हणून काका, काकू आणि ड्रायव्हर मी.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: शारजामधून धैदचा रस्ता धरा, दीडेक तास लागतो. टाकी फुल करायला पन्नास दिरहम लागले. "म्हणजे सहाशे रुपये!" काकू मागून म्हणाल्या. त्या सव्वीस वर्षं हेच करतायत, आता थांबून काय उपयोग. धैदला एका मल्याळी कॅफेटेरियासमोर गाडीतूनच हॉर्न वाजवा, करक चहा खिडकीपाशी येतो. एक दिरहम. ("बारा रुपये!") पुढे वाळू हळूहळू लाल होत जाते, मग अचानक संपते आणि समोर काळे, कोरडे, कुणीतरी चुरगाळून टाकलेल्या कागदासारखे डोंगर. मला शहराबाहेर पडलं की बोलायलाच सुचत नाही. काकूंना सुचतं.

मसाफीच्या अलीकडे फ्रायडे मार्केट लागतं. नावावर जाऊ नका, रोज उघडं असतं. वाघांची चित्रं असलेले गालिचे, मातीची मडकी, भाजलेली कणसं. काकूंनी एका पठाणाला "हबीबी, लास्ट प्राइस बोलो" करत घोळात घेतलं आणि शेवटी काहीच न घेता निघाल्या. तो मागून ओरडला, "खलास, फ्री लेके जाओ अम्मा!" काकू खूश. त्या डोंगराकडे बघतसुद्धा नव्हत्या.

चाकू चकलीच्या डब्यात होता, डबा डिकीत. तुम्हीही असलं काही नेत असाल तर असंच न्या, खिशात घालून मिरवू नका. आणि कुणाच्या घरी बंदुका बघायला मिळाल्या तर हात पाठीमागे ठेवा. परवाना त्यांचा असतो.

अबू हमद दारातच उभे होते. मुंबईत तरुणपणी खजूर विकायला जायचे, त्यामुळे हिंदी फर्डी. "परब! तुम मोटा हो गया!" काकूंना आत बायकांकडे नेलं. मीही बाईच, पण पँट घातली होती म्हणून की काय, मला मजलिसमध्येच बसवलं, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत. भात आणि मटणाचं एवढं मोठं ताट आलं की आम्ही तिघं मिळून त्याच्या एका कोपऱ्यालाही पुरे पडलो नाही.

मग भिंत बघितली. तोड्याची लांबलचक बंदूक, शेजारी खंजिराच्या म्यानामागे खोचतात ती छोटी सुरी. विलायती रायफल, शेजारी खलाशाचा घडीचा चाकू. "जिस का ये बंदूक, उस का जेब में ये चाकू होना चाहिए," अबू हमद म्हणाले. "खूबसूरत नहीं मंगता. काम का मंगता." शेवटी ती ठासणीची, आणि मोकळा खिळा.

काकांनी डबा उघडला. चाकू कपड्यातून काढला. अबू हमदनी उजवा हात पुढे केला.

आणि काका खाली वाकले आणि चाकू गालिच्यावर ठेवला.

तुम्हाला आणि मला कळतं. सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवतात, समोरचा उचलतो. नाहीतर भांडण होतं. पण अबू हमदचा हात तसाच हवेत राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मेरा हाथ गंदा है, परब?"

"अरे नहीं, नहीं! हमारे में हाथ में देने से झगडा होता है. जाते टाइम झगडा नहीं मंगता."

"हमारे में नीचे फेकता है तो झगडा होता है."

झालं. म्हातारा उचलेना. काकाही उचलेनात, कारण उचलला म्हणजे परत घेतला असं झालं असतं. मध्ये चाकू पडलेला, दोघं बाजूला गावा पितायत, तो बिनदुधाचा वेलचीचा कडू अरबी कॉफीचा काढा. मी हवामानाबद्दल काहीतरी बोलले. कुणी ऐकलं नाही. काकांचे कान लाल झाले होते आणि मला वाटलं, संपलं, सव्वीस वर्षांचा शेवट असा होणार.

तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्याआडून काकूंचा आवाज आला. "अहो, द्या ना त्यांच्या हातात!"

"भांडण होईल गो."

"सव्वीस वर्षं भाजी चिरताना माझ्या हातात सुरी देता. काय होतं?"

"भांडण होतं."

"मग? गेले मी सोडून?"

अबू हमदनी माझ्याकडे बघितलं. मी हिंदीत सांगितलं. म्हातारा असा हसला की फिंजानातली कॉफी गालिच्यावर सांडली. काकांनी चाकू उचलला, तळहातावर ठेवला आणि त्यांच्या तळहातात दिला. दोघांचेही हात जरा जास्तच वेळ तिथे राहिले.

मग परीक्षा. अबू हमदनी बंदूक खाली काढली, रिकामी आहे ते दोनदा तपासलं, आणि दारू पेटायच्या त्या बारीक भोकात चाकूचा टोच्या हळूच घातला. आत गेला. गोल फिरवला, गंजाची चिमूटभर भुकटी बाहेर आली. "वल्ला," एवढंच म्हणाले. काका तोंड फिरवून खिडकीची चौकट नीट बसलीय का ते बघायला लागले.

आणि त्यानंतर चौथ्या मिनिटाला भांडण सुरू झालं. काकांचं म्हणणं, खिशातला चाकू भिंतीवर मिटलेलाच पाहिजे. अबू हमदचं म्हणणं, पातं दिसलं नाही तर लोकांना कळणार काय. "मेरा दीवार है!" "मेरा दादा का चाकू है!" अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता, म्हणून मी काकांना जवळजवळ ओढत गाडीत बसवलं.

तुम्ही गेलात तर एवढा एक दिवस पुरतो. पुढे फुजैराला समुद्र आहे, त्याचा मोह आवरा.

काका कुडाळला जाऊन आता सहा महिने झाले. खालच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब आलंय. मला मात्र अजून चैन पडत नाही, डोंगर दिसले की त्यांत कुणाच्या तरी भिंतीवर मोकळा खिळा असेल असं वाटतं. मागच्या आठवड्यात काकूंशी फोनवर बोलले. म्हटलं, काका करमून घेतायत का?

"कसलं करमून! दर शुक्रवारी मसाफीहून फोन. आज म्हाताऱ्याने चाकू उघडून ठेवलाय म्हणे. हे अंगणात उभे राहून हिंदीत ओरडतायत. थांब, तूच ऐक."

आणि त्यांनी रिसीव्हर दाराकडे धरला.