मला गंज काळाच हवा होता

हे बघा, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मध्येच फिस्सकन हसलात तर चहा नाकात जाईल, आणि मी काही सांगायची थांबणार नाही.

माझ्या आठ किरकोळ रजा उरल्या होत्या. डिसेंबर संपला की त्या बुडतात, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. माझ्या दरवर्षीच बुडायच्या. एकट्या बाईनं रजा घेऊन करायचं तरी काय? यवतमाळात दोन खोल्या, एक कुकर, एक ताट. ऑफिसात निदान "बाई, ती फाईल कुठं आहे?" असं तरी कुणी विचारतं. घरी रेडिओ बोलतो, पण तो काही विचारत नाही.

त्या वर्षी मात्र आमच्या ऑफिसातल्या शैलानं घोळ केला. ती सुट्टीत कुठल्याशा जुन्या बाजारात हिंडली आणि पितळेची समई घेऊन आली. पंधरा दिवस रोज डबा उघडला की समई! आणि सगळे ऐकायचे हो! मला त्या समईचा नाही, तिच्या भोवतीच्या ऐकणाऱ्यांचा हेवा वाटला. ठरवलं, जानेवारीत आपल्याकडेही एक जुनी वस्तू पाहिजे. दाखवायला. म्हणजे खरं तर सांगायला.

"महागावच्या बाजारात जाय," शैला म्हणाली. "औंदा कापसाले भाव नाही. लोक घरची भांडी काढून राह्यले. सस्त्यात भेटन."

हे ऐकून लाज वाटायला हवी होती. मी एसटीची वेळ विचारली.

महागावच्या बाजारात टोमॅटो होते, चपला होत्या, बैलांच्या घंटा होत्या. आणि बाजाराच्या टोकाला, कडुलिंबाखाली, अहाहा! जुन्या पितळी भांड्यांची लांबच लांब रांग. पातेली, पराती, डबे. मधोमध एक गंज, उभ्या काठाचं मोठं पातेलं. काळाकुट्ट, पोटाशी कोरलेली वेल. त्याला बघितलं आणि मी ऑफिसातली सगळी टेबलं माझ्याभोवती गोळा झालेली पाहिली!

बाजूला माणसं बसली होती. हातभर बांगड्या घातलेली, तांड्यावरची एक बाई होती, सोनाबाई. तिला विचारलं, "गंजाचे किती?"

"तीस रुपये घेते तो."

तीस! मी आनंद गिळला. भाव करताना चेहरा पाडायचा असतो.

"तो कुठाय?"

"येऊन राह्यला. एसटी लेट हाय त्याची. तुमी नंबर लावा ना."

बघा, इथे तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? मी म्हटलं, वा! जुन्या वस्तूंना नंबर लागतात म्हणजे माल अस्सल! नंबराला ठेवायला काही नव्हतं, म्हणून माझा स्टीलचा डबा ठेवला. सगळे खो खो हसले.

"अवो बाप्पा, स्टीलले कायले?" सोनाबाई म्हणाली.

मीही हसले. का हसतोय ते माहीत नव्हतं, पण चारजणांत हसायला मिळालं होतं.

दोन तास गेले. सोनाबाईनं भाकरी काढली, अर्धी मला दिली. "घरी कोन कोन हाय तुमच्या?"

"कोणी नाही," मी म्हणाले. इतकं साधं उत्तर मी वर्षानुवर्षं कुणाला दिलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं अजून एक मिरची माझ्या भाकरीवर ठेवली.

मग उठली. "माहा मानूस दोन दिवसापासून कापसाची गाडी घेऊन तिकडच्या खरेदीच्या लायनीत हाय. त्याले भाकर देऊन येतो. गंजावर ध्यान ठेवजा बाई."

मी समजले, हिनं गंज मला सोडला! केवढं मन!

तेवढ्यात 'तो' आला. खांद्यावर पोतं, घामाघूम. माझ्या परतीच्या एसटीची वेळ झालेली. मी त्याच्या हातात तीस रुपये कोंबले, माझा डबा उचलला आणि गंज काखेत मारला.

"अवो बाई, काम तं करू द्या!"

"काही करू नका! मला असाच हवा. काळाच!"

"मंग पैसे कायचे?"

"गंजाचे!" म्हणत मी पळाले.

एसटीत खिडकीशी बसले, गंज मांडीवर. शैलाला पहिलं वाक्य काय सांगायचं, ते जुळवत होते. तोच बाहेर आरडाओरड. कडुलिंबाखालची अख्खी रांग एसटी स्टँडवर!

"हेच ते चोट्टी! उतरवा तिले!"

उतरले. धापा टाकत सोनाबाई आली. "अवो, उद्या पोरीले पाहाले पाहुने येनार हायेत माह्याकडं! याच्यात कढी कराची हाय. कल्हई नाही केली तं कळकन ना सारी!"

कल्हई! अहो, ती कल्हईची रांग होती! तीस रुपये भांड्याच्या आतल्या कल्हईचे होते, भांड्याचे नव्हे. मी त्या बाईच्या घरचा नांदता गंज तीस रुपयांत उचलून निघाले होते.

"पोलिसात द्या हिले," एकजण म्हणाला.

"काहून?" सोनाबाई त्याच्यावर उखडली. "चोर का पैसे देऊन जाते? माह्याजोळ बसून भाकर खाल्ली तिनं. येडी हाय, पन आपल्याच लायनीतली हाय!"

मला रडू आलं. लाजेनं आलं असं मी तिथे सांगितलं. खरं सांगू? 'आपल्याच लायनीतली' असं मला त्याआधी कुणीच म्हटलं नव्हतं.

एसटी गेली. मी पुन्हा कडुलिंबाखाली बसले. माझ्याच तीस रुपयांत गंज आतून चांदीसारखा लखलखला आणि सोनाबाई तो डोक्यावर घेऊन तांड्याकडे गेली. मी हात हलवत राहिले.

आता पुढच्या बाजाराला माझी रजा शिल्लक होती. घरात सगळं स्टील. मग काय, यवतमाळच्या दुकानातून पुऱ्या किमतीला नवाकोरा पितळी गंज घेतला. जुनं शोधायला निघालेली बाई! एसटी धरली आणि गंज नेऊन कडुलिंबाखाली रांगेत ठेवला.

कल्हईवाल्यानं आत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ओळखलंच त्यानं.

"अवो बाई, याले कल्हई हाय ना! कोरी करकरीत! याच्यात मी काय करू?"

"काही करू नका," मी म्हटलं. "माझा नंबर कितवा ते सांगा."