आत्यानं ओढून नेलेलं विमान

पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवल्याशिवाय आत्याला अन्न गोड लागत नसे. टँकरवाला असो की एसटीचा कंडक्टर, ती निरोप द्यायला निघालीच. अख्खी वस्ती तिला आत्याच म्हणायची. त्या दुष्काळात वस्तीला लागूनच असलेल्या, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या धावपट्टीवर पाऊस पाडणारं विमान मुक्कामाला आलं. पहिल्याच दिवशी आत्या सगळ्यांना घेऊन त्याला वाटेला लावायला गेली आणि आम्ही उभे राहिलो ते नेमके विमानाच्या मागं.

पायलटनं इंजिन घुमवलं. फेटे उडाले, पदर उडाले, एका म्हाताऱ्याची टोपी तर बाभळीवर जाऊन बसली. धूर आणि फुफाट्यानं तोंडं अशी रंगली, की आईनं वडिलांना ओळखलं नाही. आम्ही पोट धरून हसलो. आत्या मात्र हात हलवत तशीच उभी होती.

पण विमान काही एक दिवसाचं नव्हतं. आत्यानं बायांची पापडाची सहकारी संस्था काढली होती. पापड खपले तर यंदा ऊसतोडीला जायचं नाही, असं सगळ्याजणींनी ठरवलं होतं. आता वाळत घातलेल्या पापडांवर रोज काजळी बसू लागली. नेकनूरच्या दुकानदारानं तर रॉकेलचा वास येतो म्हणून अख्खं पोतं परत पाठवलं.

आत्या तडक पायलटकडं गेली. वाऱ्याला तोंड करून उडायचं, म्हणून त्याला तसंही पलीकडच्या टोकाला जावं लागायचं. तिथं नुसता माळ होता. "मंग इंजिन आमच्या दारात कामून तापवतो, बाबा?" तिनं विचारलं. इंजिन चालू केल्याशिवाय विमान तिथवर जाणार कसं, असं तो म्हणाला. आत्या म्हणाली, "त्याची काळजी तू नको करू."

दुसऱ्या दिवशी तिनं चारा छावणीतून बैल आणले, तेही पोळ्याच्या झुली घालून. पायलट इतका हसला की खाली बसला. शेवटी पुढच्या चाकाला दोर बांधला, तो आत ब्रेक सांभाळत बसला आणि विमान बैलांमागं डुलत निघालं. टोकाला पोचल्यावर आत्यानं बजावलं, "उगं गुरगुरत उभा राहू नको. तयार झाला की निघ."

तेव्हापासून रोज तसंच झालं. पाऊस पडला तो शेजारच्या तालुक्यात, पण आमचे पापड पांढरेशुभ्र वाळले आणि खपलेही. आत्याचा तोरा तर काही विचारू नका.

दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाचा ट्रक आला आणि आमच्या वस्तीतून रिकामा गेला. बाया टाळ्या पिटत होत्या, आणि आत्या ओट्यावर बसून रडत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कळायला लागल्यापासनं मी थंडीत कधी हितं नव्हते गं. आपलं गाव थंडीत कसं दिसतं, मला ठावंच न्हाई."

मग डोळे पुसून ती गाव बघायला निघाली, आणि आम्ही सगळ्या तिच्या मागं.